शिकारीत नेम धरताना दोन्ही डोळे उघडे का ठेवतात?

बंदुकीचा नेम म्हटला, की एक डोळा मिटून नळीवरून पाहणारा माणूस नजरेसमोर येतो. जत्रेतील फुगे फोडणाऱ्या मुलांपासून चित्रपटांतील शिकाऱ्यापर्यंत सर्वांनी हे चित्र पक्के केले आहे. मात्र ज्या देशांत शिकार आजही कायदेशीर आहे, तेथील अनेक प्रशिक्षक नवशिक्याला याच्या नेमकी उलट सवय लावतात. बंदूक खांद्याला लावावी, दस्त्यावर गाल टेकवावा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवावेत, असा त्यांचा आग्रह असतो. नेम चांगला लागावा, हे त्यामागचे एक कारण आहे. त्याहून मोठे कारण सुरक्षिततेचे आहे. सावजाच्या आजूबाजूला आणि मागे कोण आहे, हे गोळी सुटण्यापूर्वी दिसले पाहिजे. सुटल्यानंतर दिसून उपयोग नसतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी घातली. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या प्राण्यासारखे मोजके अपवाद वगळता, येथे वन्य प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात हरीण, बदक, लावा यांची शिकार केली जाते. तेथील केंद्रीय मत्स्य व वन्यजीव सेवेच्या २०२२ च्या पाहणीनुसार, त्या वर्षी १६ वर्षांवरील सुमारे १ कोटी ४४ लाख लोकांनी शिकार केली. एवढी माणसे भरलेल्या बंदुका घेऊन रानात उतरतात, तेव्हा कोणी कोठे पाहावे, हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. दोन डोळ्यांनी नेम धरण्याचे शास्त्र समजून घ्यायचे, ते या पार्श्वभूमीवर.

जुनीच चूक

शिकारीतील सर्वांत भयंकर चूक नेम चुकण्याची नसते. नेम अचूक लागतो आणि समोर माणूस असतो, ही ती चूक होय. भारतीय परंपरेला ती अपरिचित नाही. पाण्यात घट बुडल्याचा आवाज ऐकून राजा दशरथाला तेथे हत्ती पाणी पीत असल्याचा भास झाला. त्याने शब्दवेधी बाण सोडला आणि तो श्रावणबाळाला लागला. जरा नावाच्या व्याधाने झाडाखाली विसावलेल्या श्रीकृष्णाचे पाऊल पाहिले, त्याला हरीण समजून बाण मारला. दोघांचाही नेम उत्तम होता. सावज ओळखण्यात दोघे चुकले.

याच परंपरेत अर्जुनाची गोष्टही आहे. त्याला झाड दिसत नव्हते, फांदी दिसत नव्हती, शेजारी उभे असलेले भाऊही दिसत नव्हते. दिसत होता तो फक्त पक्ष्याचा डोळा. एकाग्रतेचा आदर्श म्हणून ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गुरूच्या देखरेखीखाली, मोकळ्या मैदानात चाललेल्या परीक्षेत ती शोभूनही दिसते. रानातल्या शिकाऱ्याने मात्र हा आदर्श जसाच्या तसा स्वीकारला, तर अनर्थ ओढवतो. त्याला पक्ष्याबरोबर झाड, फांदी आणि विशेषतः शेजारचे भाऊ दिसलेच पाहिजेत.

एक डोळा मिटला, की काय हरवते?

माणसाचे दोन्ही डोळे मिळून आडव्या दिशेने सुमारे २०० अंशांचा पट्टा पाहतात. त्यातील मधला सुमारे १२० अंशांचा भाग दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसतो. प्रत्येक डोळा बाहेरच्या, म्हणजे कानाच्या बाजूला सुमारे १०० अंशांपर्यंत, तर नाकाच्या बाजूला सुमारे ६० अंशांपर्यंत पाहू शकतो. त्यापुढे नाकच आडवे येते. उजव्या हाताच्या शिकाऱ्याने डावा डोळा मिटला, की त्याच्या डाव्या बाजूचे सुमारे ४० अंश दृष्टीतून पूर्णपणे नाहीसे होतात.

हे नुकसान नेमके चुकीच्या बाजूला होते. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्या माणसाला कमरेतून डावीकडे वळणे सोपे जाते, उजवीकडे वळणे अवघड. उडालेल्या पक्ष्यामागे नळी फिरवताना तो सहजपणे ज्या दिशेला सर्वांत लांबवर जाऊ शकतो, त्याच दिशेचा डोळा त्याने मिटलेला असतो. अशा वेळी डावीकडे उभा असलेला सोबती शिकाऱ्याला उशिरा दिसतो, तोवर नळी त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते.

दुसरे नुकसान अंधबिंदूचे. दृष्टिपटलावर ज्या जागी मज्जातंतू डोळ्याबाहेर पडतो, तेथे प्रकाशाची जाणीव करून देणाऱ्या पेशी नसतात. फ्रेंच शास्त्रज्ञ एदम मॅरिऑट यांनी सतराव्या शतकात हा बिंदू शोधून काढला. नजर एका जागी स्थिर असताना तो मध्यापासून सुमारे १५ अंश बाहेरच्या बाजूला असतो आणि त्याची रुंदी सुमारे ५ ते ६ अंश भरते. दोन्ही डोळे उघडे असताना एकाचा अंधबिंदू दुसरा भरून काढतो, त्यामुळे तो कधी जाणवत नाही. एक डोळा मिटला, की हा आधार सुटतो. मेंदू त्या जागी आसपासच्या दृश्याचा रंग व पोत भरतो. म्हणून तेथे काळा डाग न दिसता गवत किंवा झुडूपच दिसल्यासारखे वाटते.

याचा हिशेब मांडला, तर धोका स्पष्ट होतो. समोर ५० मीटरवर उजव्या डोळ्याने नजर रोखली असेल, तर नेमाच्या जागेपासून उजवीकडे सुमारे १३ मीटरवर चार-पाच मीटर रुंदीचा भाग त्या क्षणापुरता दिसत नाही. एक उभा माणूस त्यात पुरता मावतो. एरवी डोळे सतत हलत असल्याने ही उणीव भरून निघते. नेम धरताना मात्र नजर खिळलेली असते.

तिसरे नुकसान खोलीच्या जाणिवेचे. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि त्यांच्यातील फरकावरून मेंदू अंतर जोखतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले. पुढे बेला युलेश यांनी १९६० च्या सुमारास नुसत्या ठिपक्यांच्या चित्रांचे प्रयोग केले. एका डोळ्याने पाहिल्यास त्या ठिपक्यांत कोणतीही आकृती दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी दोन चित्रे एकत्र पाहिली, की ती पार्श्वभूमीपासून सुटून वर येते. रानात याचा अर्थ सरळ आहे. पानांच्या गर्दीत त्याच रंगाचे कपडे घालून बसलेला माणूस एका डोळ्याला पानांचाच भाग वाटू शकतो. जवळच्या अंतरावर दोन डोळे त्याला झुडपापासून वेगळे काढतात. अंतर वाढत जाते, तसा हा लाभ कमी होतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

चौथी बाब प्रकाशाची. फिकट छटांमधील फरक ओळखण्याची क्षमता दोन्ही डोळ्यांनी पाहताना एका डोळ्याच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. भर दुपारी हा फरक फारसा जाणवत नाही. परंतु हरीण बाहेर पडते ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीची वेळ सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. कमी उजेडाच्या या वेळेत तपकिरी कोट आणि तपकिरी कातडे यांतील भेद ओळखायचा असतो.

याखेरीज एक डोळा घट्ट मिटण्याचे श्रम असतात. चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात, उघड्या डोळ्याची पापणीही थरथरते. मिटलेल्या डोळ्यात प्रकाश जात नसल्यामुळे उघड्या डोळ्याची बाहुलीही थोडी मोठी होते. परिणामी जवळचे आणि दूरचे एकाच वेळी स्पष्ट दिसणे अवघड होते. मचाणावर तासन्‌तास बसणाऱ्याला हा थकवा जाणवतो आणि थकलेला डोळा चुका करतो.

प्रभावी डोळा ओळखण्याची रीत

दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, तर नेम कोणत्या डोळ्याने धरायचा, हा प्रश्न उरतो. माणूस जसा उजवा किंवा डावखुरा असतो, तसा त्याचा एक डोळाही बहुधा प्रभावी असतो. म्हणजे दिशा ठरवताना मेंदू त्या डोळ्याच्या चित्रावर अधिक भिस्त ठेवतो. इटालियन विद्वान जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता यांनी १५९३ च्या ग्रंथात याची नोंद केली आहे. सुमारे दोनतृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रभावी असतो.

तो ओळखण्याची रीत सोपी आहे आणि तिला बंदूक लागत नाही. दोन्ही हात समोर ताणावेत, तळवे एकमेकांवर आणून अंगठ्यांपाशी एक छोटी फट ठेवावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहावी. नंतर एकेक डोळा आळीपाळीने मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना वस्तू फटीतच राहते, तो डोळा प्रभावी.

ज्याचा हात उजवा आणि प्रभावी डोळाही उजवा, त्याचे काम सोपे. हात उजवा आणि डोळा डावा असेल, तर मात्र अडचण येते. बंदूक उजव्या खांद्याला असते आणि मेंदू डाव्या डोळ्याचे ऐकतो; मग नेम बाजूला जातो. यावर प्रशिक्षक तीन उपाय सुचवतात. पहिला, बंदूक डाव्या खांद्याला लावायला शिकणे. लहान वयात सुरुवात करणाऱ्यांना हे फारसे जड जात नाही. दुसरा, चष्म्याच्या डाव्या काचेवर, बुबुळासमोर येईल असा अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा लहान तुकडा लावणे. त्यामुळे डोळा उघडा राहतो, त्यात उजेड जातो, कडेचे दिसते आणि मधले चित्र तेवढे पुसट होते. तिसरा, शोधताना व बंदूक उचलताना दोन्ही डोळे उघडे ठेवून अखेरच्या क्षणी डावा डोळा किंचित मिटणे.

छऱ्याची बंदूक आणि रायफल

दोन्ही डोळ्यांचा सर्वाधिक उपयोग छऱ्याच्या बंदुकीला होतो. पक्षी उडत असतो, छरे पोहोचेपर्यंत तो पुढे गेलेला असतो, म्हणून नळी त्याच्या थोडी पुढे न्यावी लागते. वेग आणि अंतर जोखण्याचे हे काम दोन डोळ्यांचे आहे. लंडनचे बंदूक निर्माते रॉबर्ट चर्चिल (१८८६–१९५८) यांनी इंग्लंडमध्ये या पद्धतीचा मोठा पुरस्कार केला. नजर पक्ष्यावर ठेवावी, नळीकडे पाहू नये आणि बंदुकीचा दस्ता शिकाऱ्याच्या अंगाला असा बेतलेला असावा, की नजर जाईल तेथेच नळी वळेल, हे त्यांच्या शिकवणीचे सार होते. चेंडू झेलणारा क्षेत्ररक्षक हातांकडे पाहत नाही, चेंडूकडे पाहतो. तसेच हे आहे.

नवशिक्याला येथे एक गोंधळ होतो. दूरच्या पक्ष्यावर नजर ठेवली, की जवळची नळी दोन दिसू लागते. हा डोळ्यांचा दोष नव्हे. चेहऱ्यापुढे बोट धरून दूरच्या खिडकीकडे पाहिल्यास बोटही दोन दिसतात. त्याचेच हे रूप. या दोन नळ्यांपैकी प्रभावी डोळ्याची प्रतिमा अधिक ठळक असते. सरावाने मेंदू दुसरीकडे दुर्लक्ष करू लागतो आणि काही काळाने ती जाणवेनाशी होते.

रायफलची गोष्ट निराळी. तिची गोळी एकच असते, लक्ष्य बहुधा स्थिर असते आणि नेम बारीक धरावा लागतो. नळीच्या टोकावरील माशी, मागची खाच आणि लक्ष्य यांची रेषा जुळवताना दुसऱ्या डोळ्याचे चित्र मध्ये येते, अशी तक्रार अनेक जण करतात. म्हणून रायफलवाल्यांत एक डोळा मिटण्याची प्रथा अधिक आहे. तरीही शोधणे, ओळखणे, बंदूक उचलणे आणि गोळी झाडल्यानंतर पाहणे या चारही टप्प्यांत दोन्ही डोळे उघडे असावेत, असाच सल्ला दिला जातो. गोळी लागलेले जनावर कोणत्या दिशेला पळाले आणि त्या दिशेला आपला कोणी सोबती आहे काय, हे धक्क्यानंतरच्या पहिल्या क्षणी कळावे लागते.

रायफलबाबत मागच्या बाजूचे भान अधिक महत्त्वाचे ठरते. छरे काही शे मीटरवर जमिनीवर पडतात. .२२ सारख्या लहान काडतुसाची गोळीदेखील दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते; मोठ्या रायफलची गोळी त्याहून कितीतरी दूर. सावजाच्या मागे टेकडी आहे की रस्ता, हे ठाऊक नसेल तर गोळी झाडू नये, हा नियम त्यामुळेच सर्वत्र शिकवला जातो.

दुर्बीण आणि लाल ठिपका

रायफलवर दुर्बीण बसवली, की हा प्रश्न आणखी वेगळा होतो. दुर्बिणीत दृश्य मोठे दिसते, पण त्याचा आवाका लहान होतो. उजव्या डोळ्याला मोठे केलेले हरीण आणि डाव्याला साधे रान, अशी दोन विसंगत चित्रे मेंदूकडे जातात. दृश्य फारसे मोठे न करणाऱ्या दुर्बिणीत ती जुळवून घेता येतात. दृश्य अनेक पट मोठे केले, की ते कठीण होते. हंगामात चालत शिकार करताना दुर्बीण सर्वांत कमी क्षमतेवर ठेवावी आणि गरज पडली तरच वाढवावी, असे अनुभवी शिकारी सांगतात ते याचसाठी.

लाल ठिपक्याच्या नेमयंत्राने ही अडचण बरीचशी दूर केली. काचेतून परावर्तित होणारी खूण दूरवर असल्यासारखी दिसावी, ही कल्पना डब्लिनचे दुर्बीण निर्माते हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये मांडली होती. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये विजेवर चालणारे नेमयंत्र बाजारात आणले. त्यात दृश्य मोठे होत नाही, फक्त एक लाल ठिपका लक्ष्यावर तरंगताना दिसतो. लक्ष्य आणि ठिपका यांवर नजर एकाच वेळी स्थिरावते, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवणे स्वाभाविक होते. अमेरिकेतील ट्रिजिकॉन कंपनीचे संस्थापक ग्लिन बिंडन यांनी पुढे एक गमतीदार बाब वापरात आणली. उजळ खूण असलेली, दृश्य मोठे करणारी दुर्बीण दोन्ही डोळे उघडे ठेवून फिरवली, की मोठे दृश्य हलून पुसट होते. मेंदू दुसऱ्या डोळ्याचे साधे दृश्य स्वीकारतो आणि त्यावर उजळ खूण चढवतो. दुर्बीण थांबली, की मोठे दृश्य परत येते. त्यांच्या नावानेच ही पद्धत ओळखली जाते.

साधन कोणतेही असो, एक नियम बदलत नाही. रायफलवरची दुर्बीण सावज शोधण्यासाठी वापरायची नसते. झुडपात काय हलले, हे पाहण्यासाठी रायफल रोखणे म्हणजे ते जे काही असेल, त्याच्यावर भरलेली बंदूक रोखणे. ओळख पटवण्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण ठेवावी.

टेक्सासमधील एक सायंकाळ

११ फेब्रुवारी २००६ रोजी अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी दक्षिण टेक्सासमधील आर्मस्ट्राँग रँचवर लाव्यांच्या शिकारीला गेले होते. त्यांच्यासोबत ऑस्टिनचे वकील हॅरी व्हिटिंग्टन होते. त्यांचे वय ७८ वर्षे. व्हिटिंग्टन पडलेला पक्षी आणण्यासाठी मागे गेले आणि नंतर रांगेकडे परत येत होते. तेवढ्यात एक पक्षी उडाला. चेनी त्याच्यामागे वळले आणि त्यांनी २८ गेजच्या बंदुकीचा बार काढला. सुमारे ३० यार्डांवर असलेल्या व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्यात, मानेत व छातीत छरे घुसले. एक छरा हृदयाजवळ गेल्याने तीन दिवसांनी त्यांना सौम्य हृदयविकाराचा झटकाही आला. सुदैवाने ते बचावले आणि २०२३ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी निधन पावले. स्थानिक पोलिसांनी ही घटना अपघात ठरवली. चेनी यांनीही काही दिवसांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत चाप आपणच ओढल्याचे सांगून जबाबदारी स्वीकारली.

त्या क्षणी कोणाचा कोणता डोळा उघडा होता, हा येथे मुद्दा नाही. व्हिटिंग्टन यांनी भडक नारिंगी रंगाचा पोशाख घातलेला होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. सूर्य मावळतीला होता, नजर पक्ष्यावर होती आणि नळी पक्ष्याबरोबर फिरत गेली. पक्ष्यामागे बंदूक फिरवत आपल्या हद्दीबाहेर जाणे, हे शिकारीतील अपघातांचे नेहमीचे कारण म्हणून टेक्सासमध्ये नोंदले जाते. एका पक्ष्यावर खिळलेल्या मनाला नारिंगी रंगही दिसत नाही. डोळे उघडे असणे आणि ध्यान उघडे असणे, या दोन्हींची गरज आहे. पहिले नसेल, तर दुसऱ्याला आधारच उरत नाही.

हद्द ठरवून घेण्याची शिस्त

अमेरिकेत शिकारीचे सक्तीचे शिक्षण प्रथम न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये सुरू केले. बंदुका व काडतुसांवरील केंद्रीय अबकारी कर वन्यजीव संवर्धनासाठी वापरण्याचा कायदा १९३७ पासून होता; १९७० मधील दुरुस्तीने त्यातील काही रक्कम शिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मिळू लागली. आज तेथील राज्याराज्यांत परवान्यापूर्वी असा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

या अभ्यासक्रमात प्रत्येक शिकाऱ्याची गोळीबाराची हद्द शिकवली जाते. तिघे जण एका रांगेत चालत असतील, तर त्यांच्यात २५ ते ४० यार्डांचे, म्हणजे सुमारे २३ ते ३७ मीटरचे अंतर असावे आणि प्रत्येकाने आपल्या समोरच्या सुमारे ४५ अंशांच्या भागातच बार काढावा. डावीकडच्याने डावा भाग, उजवीकडच्याने उजवा आणि मधल्याने समोरचा सांभाळावा. पक्षी हद्दीबाहेर गेला, की तो सोडून द्यावा.

ही हद्द समजावण्यासाठी एक कृती सांगितली जाते. दूरच्या वस्तूवर नजर ठेवून दोन्ही हात बाजूंना ताणावेत, अंगठे वर करावेत आणि दोन्ही अंगठे स्पष्ट दिसेपर्यंत हात पुढे आणावेत. त्या दोन अंगठ्यांमधील भाग हीच साधारणतः आपली हद्द. या कृतीच्या सुरुवातीला, अंगठे बाजूलाच असताना एक डोळा मिटून पाहावा. मिटलेल्या बाजूचा अंगठा सहज दिसत नाही, तो नाकाच्या आडून बाहेर येईपर्यंत बराच पुढे आणावा लागतो. एक डोळा मिटणे म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

नारिंगी पोशाखाचेही असेच आहे. हरणाला लाल-नारिंगी छटा नीट ओळखता येत नाहीत, माणसाला त्या लांबून डोळ्यांत भरतात. म्हणून अनेक राज्यांनी हा रंग सक्तीचा केला आहे. परंतु डोळ्यांच्या कडेला रंगांची जाणीव क्षीण असते, हालचालीची अधिक असते. कडेला काही हलले, एवढेच आधी कळते. मग नजर तिकडे वळते आणि रंग दिसतो. ती कडच डोळा मिटून बंद केली, तर नारिंगी पोशाखाचे संरक्षणही दुबळे होते.

सराव आणि मर्यादा

अनेक वर्षे एक डोळा मिटण्याची सवय असलेल्याला ती एका दिवसात सोडता येत नाही. हा सराव प्रशिक्षकासमोर, बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून सुरू होतो. आधी स्थिर लक्ष्यावर दोन्ही डोळे उघडे ठेवून बंदूक उचलायची, मग हळूहळू फिरणाऱ्या लक्ष्यावर, त्यानंतर मातीच्या तबकड्यांवर. पहिले काही आठवडे नेम बिघडतो, आणि सवय मोडण्याचा मोह तेव्हाच होतो. हंगामाच्या तोंडावर पद्धत बदलू नये, असे म्हणतात ते त्यामुळेच.

ही पद्धत सर्वांनाच मानवत नाही. ज्यांचे दोन्ही डोळे जवळपास सारखेच प्रभावी आहेत, त्यांना दोन प्रतिमांतून निवड करणे कठीण जाते. वय वाढल्यावर जवळचे पुसट दिसू लागले, की माशी व लक्ष्य यांचा मेळ बसत नाही. तिरळेपणा असेल किंवा एका डोळ्याची दृष्टी लहानपणापासून मंद असेल, तर खोलीची जाणीव मुळातच कमी असते. अशांनी डोळ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि नेम एका डोळ्याने धरला, तरी त्यापूर्वी मान वळवून दोन्ही बाजू पाहण्याची शिस्त पाळावी. दोन डोळे उघडे ठेवणारा माणूसही अंधारात, आवाजावर किंवा अर्धवट दिसलेल्या आकारावर गोळी झाडू लागला, तर त्याचे डोळे उघडे असून नसल्यासारखेच.

महाराष्ट्रातील संदर्भ

नेमबाजी हा महाराष्ट्राला नवा खेळ नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेती ठरली. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. या खेळात नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर छोटी पट्टी लावण्यास नियमांची मुभा आहे. ती लावली, की डोळा मिटावा लागत नाही आणि चेहरा ताणला जात नाही. रेंजवर लक्ष्यामागे भिंत असते, प्रत्येकाची जागा आखलेली असते आणि आज्ञेशिवाय कोणी पुढे जात नाही. म्हणून तेथे अर्जुनाची एकाग्रता चालते.

रानात यातले काहीही नसते. २०२५ च्या प्रारंभी पालघर जिल्ह्यातील जंगलात काही गावकरी बेकायदा रानडुकराच्या शिकारीला गेले. त्यांच्यातीलच एकाने सोबत्याला रानडुक्कर समजून गोळी झाडली. तो सोबती मरण पावला, घाबरलेल्या इतरांनी घटना दडवली आणि पुढे पोलिसांनी त्यांना अटक केली. दशरथाची चूक अशा रीतीने आजही घडते. येथे शिकार मुळातच निषिद्ध असल्याने ना प्रशिक्षण असते, ना नारिंगी पोशाख, ना ठरलेली हद्द. चोरून आणि बहुधा कमी उजेडात सारे उरकायचे असते. त्या अंधारात दोन डोळेही अपुरेच पडतात.

शिकार कायदेशीर असलेल्या देशांनी अनेक अपघातांनंतर जी शिस्त घडवली, तिचा अर्थ थोडक्यात सांगता येतो. नेम धरण्यापूर्वी सावजाची पुरती ओळख पटवावी, त्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना काय आहे ते पाहावे, आणि यांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर बोट चापावर नेऊ नये. हे सारे पाहण्यासाठी निसर्गाने दोन डोळे दिले आहेत. त्यांपैकी एक मिटण्याचा निर्णय घ्यायचाच असेल, तर तो अखेरच्या क्षणी आणि जाणीवपूर्वक घ्यावा. सवयीने मिटलेला डोळा शेजारच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो.